रिकाम्या घराची ओ

"देव जर सगळीकडे असतो, तर बुवा, गाव सोडून आपण पळतो ते कुणाला भिऊन?"

उमाकांत घाडीने प्रश्न टाकला आणि लगेच हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. उत्तराला उशीर लागलाच, तर मधल्या वेळात एखादा निरोप वाचून होईल, असा त्याचा बेत असावा.

केवळबुवा व्हाळाच्या, म्हणजे गावाबाहेरच्या ओढ्याच्या, काठी खडकावर बसून लाल भाजी निवडत होते.

"कोण भियाता?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"सगळा गाव भितो."

"गावाचा सोड. तू?"

"मी? ... मी कशाला भिऊ?"

"मगे तू पळू नको."

भिंतीला खांदा लावायला जावं आणि तिथे भिंतच नसावी, तसं उमाकांतचं झालं. तो भांडायच्या तयारीने आला होता. मुद्दे पाठ होते. आता ते कुणापुढे मांडायचे?

वाळवंडे गावाची रीत अशी, की काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव उठून शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि व्हाळापलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी बांधून राहायचं. तीन दिवस गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, तो मिळाला की घरी. याला गावपळण म्हणतात.

शहाण्यासुरत्या लोकांनी याची कारणं शोधून ठेवली आहेत. हवा शुद्ध होते, रोगराई जाते, वगैरे. गावातल्या म्हाताऱ्यांना कारणांची गरज कधी पडली नाही. ते म्हणत, एवढे दिवस गाव आपलं नसतं. मग कुणाचं असतं, असं विचारलं की विषय बदलत.

आज गावपळणीचा दुसरा दिवस होता. व्हाळाच्या अलीकडे माळावर गलका होता. पलीकडे गाव उन्हात पडलं होतं, आणि तिकडून पानाचासुद्धा आवाज येत नव्हता.

"मी एकटा न पळून काय होणार?" उमाकांत म्हणाला. "गावपळणच बंद व्हायला हवी. निदान नुसती नावाला ठेवायला हवी. सकाळी शीव ओलांडायची, नारळ फोडायचा, दुपारी परत. भर सीझनमध्ये तीन दिवस गाव बंद ठेवून कसं चालेल?"

"म्हातारे काय म्हणतत?"

"म्हणतात, केवळबुवांना विचार. बुवा हो म्हणाले तर आमचं काही म्हणणं नाही."

"आणि तू माका इचारूक इलंस."

"तुमचा शिष्य आहे मी."

बुवांनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

शिष्य म्हणायचं तर उमाकांत दर गुरुवारी फळांची करंडी घेऊन यायचा, पाया पडायचा, पाहुण्यांना 'आमचे गुरुजी' म्हणून बुवांचा फोटो दाखवायचा. बुवांनी मात्र त्याला शिष्य म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि बुवा तरी कुठले, हे कुणाला धड सांगता येत नसे. भाषा इथलीच. पण राहायचे व्हाळाच्या बाहेरच्या काठावर, एका खोपटात. व्हाळ ओलांडून गावात आलेलं त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बायका काठापर्यंत शिधा आणून देत, तो ते हात पुढे करून घेत. पाऊल पुढे करत नसत.

"घराकडे सगळा बरा?" बुवांनी विचारलं.

"देवाच्या कृपेने सगळं आहे."

"आसा ता माका दिसता. बरा हा काय, ता इचारलंय."

उमाकांतने मोबाइल खिशात ठेवला.

"सांग की."

"बरं नाही," तो म्हणाला. आणि आपण हे बोललो कसे, याचं त्यालाच नवल वाटलं.

काल-परवापर्यंत तो उमग्या होता, आता उमाशेट. खाडीवर पूल झाला, पुलामागून रस्ता आला, रस्त्यामागून पाहुणे आले. पूर्वी गावात मुंबईहून मनीऑर्डर यायची, आता मुंबईच यायला लागली. ज्या खळ्यात भात झोडत, तिथे मोटारी उभ्या राहिल्या. घराघरावर पाट्या लागल्या, पाट्यांमागून कुंपणाच्या भिंती आल्या, कारण शेजाऱ्याच्या दारात उतरलेला पाहुणा आपल्या दारात उतरला असता, ही रुखरुख कोणालाच सोडत नव्हती. सगळ्यांत आधी हे ओळखलं उमाकांतने. जुनं घर पाडून त्याने खाडीकडे तोंड करून दुमजली इमारत उठवली. देवालाही विसरला नाही. देवस्थानचा अध्यक्ष झाला, देवळाला नवा सभामंडप बांधला, गाभाऱ्याला चकचकीत फरशी बसवली.

"देवाला काय कमी केलं मी?" आता तो बुवांना विचारत होता. "दिवे दिले, फरशी दिली, पालखीला चांदीचा पत्रा दिला. मग माझ्या घरात हसू का नाही? आई बोलत नाही. बायको बोलते ती कामाचं. केतकी, माझी मुलगी, पाहुण्यांसमोर इतकी गोड हसते, आणि पाहुणे वर गेले की तिचा चेहरा... दिवा मालवल्यासारखा होतो."

"जेवतास खंय?"

"म्हणजे?"

"चवघाजणा एका वक्ताक खंय जेवतास?"

उमाकांतने आठवून पाहिलं. आधी पाहुण्यांची पंगत. मग कामवाल्या बाया. मग ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा, ओट्याशी उभ्याउभ्या. आई माळ्यावर ताट घेऊन जाते. तिची खोली खाडीच्या बाजूची होती. खिडकीतून पाणी दिसायचं, म्हणून ती पाहुण्यांना दिली. आई काही म्हणाली नव्हती. आपली गोधडी उचलून ती माळ्यावर गेली होती, एवढंच.

"सीझन असतो," तो म्हणाला. "सीझन संपला की जेवू एकत्र."

"संपता?"

माळावरून हसण्याचा मोठा आवाज आला. कुणीतरी कुणाची तरी फिरकी घेतली असावी. उमाकांतने तिकडे वळून पाहिलं. गावात ज्यांच्यात भिंतीवरून खटले चालू होते, ती माणसं एका चुलीवर भात शिजवत होती. अर्थात सगळंच गाव तिथे नव्हतं. काही जणांनी गावपळण गोव्याच्या हॉटेलात साजरी करायची टूम काढली होती. उमाकांतने स्वतःसाठी माळाच्या टोकाला एक तंबू लावला होता, आत खाट आणि बॅटरीचा पंखा. आई, बायको, मुलगी मात्र शेजाऱ्यांच्या खोपीत पथारी टाकून होत्या. आईनेच तसं ठरवलं होतं.

"हे बघा, हे तीन दिवसांचं नाटक आहे," तो चिडून म्हणाला. त्या हसण्याचाच त्याला राग आला होता. "परवा परत गेले की पुन्हा भिंतीवरून भांडतील. आणि त्या रिकाम्या गावात काय आहे, काय नाही, हे बघायची कुणाची छाती नाही. तिथे काहीच नाही, बुवा. बंद घरं आहेत. बंद घरांना घाबरतो आपण."

"तू बघलंस?"

"नाही. पण बघू शकतो."

"मगे बघून ये."

उमाकांतने खिशातला मोबाइल चाचपला.

बुवांनी भाजीची जुडी पाण्यात बुडवली आणि झटकली.

"तुझ्या घराकडे जा. दारात उभो रव. तुका हवा तेका हाक मार. आतसून ओ इली नाय, तर तू म्हणशीत ता मी म्हाताऱ्यांका सांगीन. गावपळण बंद म्हणान सांगीन."

"आणि आली तर?"

"येतली कशी? थंय काय नाय म्हणतंस ना?"

आता माघार घेतली तर नाक कापल्यासारखं झालं असतं. उमाकांत हसला. त्याच्या डोक्यात आणखी एक युक्ती आली, आणि ती त्याला फार आवडली.

"शीव मी ओलांडणार नाही, बुवा. उगाच देवाशी वाकडं कशाला? होडीने जातो. माझा धक्का घराच्या खालीच आहे, मध्ये शीव लागत नाही. जमिनीवर शीव आहे, कबूल. पाण्यावर कुणी आखली?"

"बरा," बुवा म्हणाले. "पाण्यावरना जा."

दुपार ऐन माथ्यावर होती, तेव्हा उमाकांतची होडी धक्क्याला लागली.

कोकणात भुतं रात्रीचीच फिरतात, असं घाटावरच्या लोकांना वाटतं. इथली म्हातारी माणसं रात्रीपेक्षा भर दुपारला जास्त जपतात. आपली सावली आपल्याच पायांखाली शिरते ती वेळ बरी नव्हे म्हणतात. उमाकांतलाही लहानपणी या वेळेला बाहेर सोडत नसत. त्याला ते आठवलं आणि तो मोठ्याने खाकरला. खाकरणं त्याच्या अपेक्षेपेक्षा फार लांबवर गेलं.

धक्क्यावरून वर आलं की त्याची गल्ली. दोन्ही बाजूंना पाट्या. 'घरगुती जेवणाची सोय.' 'खाडीचा देखावा.' 'कुटुंबासाठी उत्तम.' भिंतींवरचे कॅमेरे खाली माना घालून होते, कारण वीज मुख्य खांबावरूनच बंद केली होती. दोरीवर एक टॉवेल राहिला होता. वारा नव्हता, तरी तो हळूहळू हलत होता. कोणी आत्ताच हात पुसून गेल्यासारखा.

उमाकांतने मनाला समजावलं, की खाडीवरून झुळूक येत असेल.

मग वास आला.

सुका बांगडा निखाऱ्यावर भाजल्याचा. आणि त्यामागे पेजेचा.

तो थबकला. गावात चूल पेटलेली असणं शक्यच नव्हतं. त्याने स्वतःच काल सकाळी देवस्थानचा अध्यक्ष म्हणून घरोघर फिरून चुलींवर पाणी शिंपडलं होतं. माळावरचा वास असेल, तो पुटपुटला. पण माळ पार व्हाळापलीकडे होता, आणि वारा तर नव्हताच.

जसजसं घर जवळ आलं, तसतसा वास वाढला.

त्याचं दार होतं तसंच होतं. सागवानी, पॉलिश केलेलं, वर गणपतीची टाइल. कडीला त्यानेच लावलेलं कुलूप. त्याने ते ओढून पाहिलं. पक्कं होतं. किल्ली खिशात होती, तीही त्याने चाचपली.

आता हाक मारायची. कुणाला?

इथे तो खरोखर अडला. आपल्याच दारात उभं राहून, आपल्याच घरात आपण कुणाला हाक मारायची, हे त्याला सुचेना. बायकोला, प्रतिभाला, तो फोन करायचा. केतकीला घंटी वाजवून बोलवायचा, जशी पाहुण्यांसाठी बोलवतात तशी. कामवालीचं नाव आठवलं, ते तोंडातच राहिलं.

शेवटी शाळेतून येताना मारायचा तशी त्याने हाक मारली.

"आये!"

...

काही नाही.

उमाकांतने सुटकेचा श्वास सोडला. बघा बुवा, तो मनात म्हणाला. तो धक्क्याकडे वळलाही.

"ओऽ!"

आतून. स्वयंपाकघराच्या बाजूने. घाई नाही, दचकणं नाही. हात पिठात असले म्हणजे बाई जशी ओ देते, तशी.

"कोण ता?"

त्याला पळायचं होतं. आणि काय आश्चर्य, तोंड मात्र आपोआप उत्तर देऊन गेलं.

"मी गो... उमा."

आत हसू फुटलं. एकट्या आईचं नव्हे. प्रतिभाचंही होतं, तोंडावर पदर धरून हसते तसं. केतकीचं तर खळखळून. ते हसणं ऐकून त्याला भीतीच्याही आधी दुसरंच काहीतरी झालं. केतकीला असं हसता येतं, हे तो विसरूनच गेला होता.

"उमा हय माझ्या म्होरं जेवक बसलोहा," आई म्हणाली. "तू कोण?"

आणि मग एक पुरुष बोलला. तोंडात घास होता.

"कोण आसा गे, आये?"

आपला आवाज सहसा कुणाला ओळखता येत नाही म्हणतात. उमाकांतला येत होता. जाहिरातीच्या व्हिडिओत तो रोज स्वतःचा आवाज ऐकायचा. हा तोच होता. लहानपणचा नव्हे, आजचा. थोडा बसका, थोडा जाड. फक्त त्याच्या व्हिडिओतला आवाज इतका निवांत कधीच नव्हता.

"कोण नाय रे. वाट चुकलेलो पावणो दिसता. तू जेव."

"तेका पाणी तरी दी."

"खिडकेत ठेवलंय. भायल्या माणसा, पाणी पिवन जा हां! उन्हाचो इलंस."

त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेरच्या कट्ट्यावर पाण्याने भरलेला तांब्या होता. मघाशी तो तिथे नव्हता, हे त्याला शपथेवर सांगता आलं असतं. खिडकी आतून बंद होती. तांब्यातलं पाणी अजून डुचमळत होतं, आत्ताच कुणी ठेवल्यासारखं.

"बाबा, अजून एक बांगडो वाढू?" आत केतकी विचारत होती.

"आजीक वाढ आदी. तिका कडकडीत आवडता."

आईला कडकडीत आवडतो. उमाकांतला हे ठाऊक नव्हतं. किंवा होतं, आणि कधीतरी हातून सांडलं होतं. आणि आत बसलेल्या त्या इसमाला ते माहीत होतं. माझ्या घरात बसून माझ्या आईचा घास त्याला माहीत! भीती बाजूला राहिली आणि उमाकांतच्या डोक्यात तिडीक गेली. हे माझं घर आहे. कुलूप माझं आहे.

त्याने किल्ली काढली आणि कुलपात घातली.

आतलं हसणं थांबलं.

एकदम. सगळ्यांचं. भांड्याचा आवाजही नाही. दाराच्या पलीकडे चार माणसं श्वास रोखून बसल्याचं त्याला स्पष्ट कळत होतं.

आणि ही शांतता त्याच्या ओळखीची होती. रोज संध्याकाळी बाहेरून आला, किल्ली लावली, की त्याच्या घरात हीच असायची. त्याला वाटायचं, घर शांतच असतं.

किल्ली त्याने फिरवली नाही. हळूच ती बाहेर काढली, एक पाऊल मागे घेतलं.

आत कुणीतरी काहीतरी बोललं, आणि सगळी पुन्हा हसायला लागली.

मग मात्र उमाकांत पळाला.

होडी कशी सोडली, वल्हं कसं मारलं, हे त्याला नंतर आठवेना. माळाच्या बाजूला लागला तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. पहिल्यांदा त्याला आपली माणसं बघायची होती. ती इथेच आहेत, खोपीत आहेत, हे डोळ्यांनी बघायचं होतं.

होती. खोपीच्या सावलीत तिघी शेजारणींबरोबर जेवायला बसल्या होत्या. आई काहीतरी सांगत होती, हातवारे करून. केतकी हसता हसता एका अंगाला कलंडली होती.

उमाकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. तो जवळ गेला.

आधी आईने त्याला पाहिलं. तिचा हात हवेतच थांबला आणि खाली आला. मग केतकी नीट बसली. शेजारणींनी पदर सावरले.

प्रतिभा उठली. हात धुऊन, पाहुण्यांशी बोलते त्या स्वच्छ, नरम आवाजात तिने विचारलं, "जेवण आत्ता वाढू, की थोड्या वेळाने घेणार?"

"प्रतिभा, मी हा गो."

"हो. म्हणूनच विचारलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मागनी जेवतंय," तो कसाबसा म्हणाला आणि व्हाळाकडे चालू लागला. पाठीमागे बराच वेळ कुणी बोललं नाही. तो पुरेसा लांब गेल्यावर आईची गोष्ट पुन्हा सुरू झाली.

बुवा त्याच खडकावर होते. भाजी निवडून संपली होती. समोर व्हाळ, व्हाळापलीकडे गाव, आणि बुवा गावाकडे बघत बसले होते.

उमाकांत त्यांच्या पायांशी बसला नाही, कोसळला.

"ओ इली?" बुवांनी विचारलं.

"इली."

"कोणाक हाक मारलंस?"

"आयेक."

बुवांनी मान हलवली. खूश झाले की काय, ते काही कळलं नाही.

"बुवानू, थंय कोण होता?"

"तू आयकलंस. माका कशाक इचारतंस?"

"थंय मी होतंय." उमाशेटची पुस्तकी भाषा त्या दारातच राहिली होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "मी जेवी होतंय. सगळी हसत होती. मी किल्ली लावलंय आणि सगळी गप झाली. मी किल्ली काढलंय, मगे परत हसाक लागली. आणि हय... हय पण तसाच."

बुवा गावाकडेच बघत होते.

"गावपळणीचा मरांदे. म्हाताऱ्यांका काय सांगूचा ता तुमी सांगा. माका एकच सांगा. परवा कौल होतलो. सगळी घराकडे जातली. मी खंय जाव?"

"घराकडेच."

"पण थंय तो आसा!"

"आसतलोच. तो खंय जातलो? तो तर घर सोडून खंयच जाणा नाय."

उमाकांत लहान मुलासारखा रडायला लागला. देवस्थानचा अध्यक्ष, भर दुपारी, नाक पुसायचं भान नाही. बुवांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात वगैरे काही ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मी करू काय, बुवानू?"

"दार वाजव."

"माझ्याच घराचा?"

"होय. किल्ली लावू नको. दार वाजव आणि भायर उभो रव. आतसून कोणी 'ये' म्हणेपर्यंत पाय आत टाकू नको."

"दीस लागले तर?"

"लागूंदेत."

"पावणे बघतले. गाव हसात."

"हसांदेत. घरात हसू नाय म्हणान तूच सांगलंस ना?"

उमाकांतने पलीकडच्या गावाकडे पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. त्याच्या इमारतीची गच्ची इथून दिसत होती. गच्चीच्या मागून, जिथे स्वयंपाकघर होतं तिथून, धुराची एक बारीक रेघ सरळ वर जात होती. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवांनाही ती दिसत होती, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. ते आणखी पलीकडे बघत होते, जिथे एका पडक्या जोत्यावर नुसतं रान माजलं होतं आणि कुणाचंच घर नव्हतं.

"आणि बुवानू..." उमाकांतने विचारलं. "आतसून कोणीच 'ये' म्हटला नाय तर?"

बुवा खडकावर थोडे बाजूला सरकले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवरचा पाचोळा त्यांनी हाताने झाडला.

"तर हय ये. माका पण अजून कोण 'ये' म्हणूक नाय."